बडीशेप आवडीची, मीठ मोजून

घरी इटालियन सॉसेज करायला बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो बडीशेपेचा. किती घालायची, भाजून की कच्ची, अख्खी की कुटून? मीठ मात्र तो अंदाजानं टाकतो, चरबी खाटकानं दिली तेवढी घेतो आणि खिमा ओट्यावर ठेवून लसूण सोलत बसतो. माझ्या मते काळजीची वाटणी इथेच चुकते. मीठ, चरबी, थंडावा आणि मळणं या चार गोष्टींत आवडीनिवडीला फार जागा नाही, तिथे मांसाचे स्वतःचे नियम चालतात. बडीशेप, मिरची, लसूण, वाइन यांत मात्र जवळजवळ सगळी जागा आवडीलाच आहे आणि तिथे कुणाची परवानगी मागायची गरज नाही. ही सरमिसळ झाली की व्हायचं तेच होतं: सॉसेज कोरडं आणि भुसभुशीत निघतं, ठपका मसाल्यावर बसतो आणि पुढच्या खेपेला मसाला दुप्पट पडतो. सॉसेज कोरडंच राहतं, शिवाय आता ते कडवटही लागतं.

बडीशेप म्हणजेच इटालियन सॉसेज, ही समजूत आधी तपासून पाहू. दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रांताचं, म्हणजे आजच्या बासिलिकाताचं, नाव सॉसेजला फार जुन्या काळी चिकटलं. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला रोमन लेखक वारो सांगतो की रोमन सैनिक हा पदार्थ लुकानियाच्या लोकांकडून शिकले. अ‍ॅपिसियसच्या नावावर असलेल्या रोमन पाककृतींच्या संग्रहात या सॉसेजची, म्हणजे लुकानिकाची, कृती आहे. तिच्यात मिरी आहे, जिरं आहे, सताप आणि पार्स्ली आहे, लॉरेलची फळं आहेत, माशाचा आंबवलेला खारा रस आहे. बडीशेपेचं नाव नाही. (जिरं घालून सॉसेज करणाऱ्याला हसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) आजच्या इटलीतही चित्र एकसारखं नाही. लोम्बार्दीतल्या मोंझाच्या लुगानेगात किसलेलं ग्राना चीज पडतं. पिएमोन्तेतल्या ब्रा नावाच्या गावचं सॉसेज मुख्यतः वासराच्या मांसाचं असतं, त्यात दालचिनी-जायफळाच्या वळणाचे मसाले असतात आणि तिथले लोक ते कच्चं खातात. उम्ब्रियातलं नोर्चा हे डुकराच्या मांसाच्या कारागिरीसाठी इतकं नावाजलेलं की इटालियनमध्ये या कारागिराला त्या गावावरूनच ओळखतात. तिथल्या ताज्या सॉसेजमध्ये बहुतेक वेळा मीठ, मिरी आणि लसूण एवढंच असतं, आणि ते डोंगरावरच्या कास्तेलुच्चोच्या बारीक मसुरीबरोबर शिजतं. तोस्कानात बडीशेप मोठ्या मानाची, पण ती मुख्यतः फिनोक्योना या मुरवलेल्या सलामीत. दक्षिणेकडे उतरलं की मात्र हात सैल होतो. सिसिलीत बडीशेप, कालाब्रियात लाल मिरची, बासिलिकातात बडीशेप आणि सेनिसेची गोडसर लाल मिरची दोन्ही. बडीशेप नाही तर इटालियन कसलं, असं मोंझाच्या किंवा नोर्चाच्या खाटकाला कुणी सुनावलं, तर तो सुनावणाऱ्यालाच वेड्यात काढेल.

मग ही समजूत आली कुठून? ती अमेरिकेतून आली, आणि तिच्यामागे कायदा उभा आहे. १८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत गेली आणि त्यातली बहुसंख्य दक्षिणेकडची होती. त्यांच्याबरोबर गेली ती दक्षिणेची चव. अमेरिकेच्या शेती खात्यानं 'इटालियन सॉसेज' या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मालाची व्याख्या केली, तेव्हा डुकराचं मांस, मीठ, मिरी आणि बडीशेप किंवा तिच्याच वळणाच्या वासाचं अनीस, किंवा दोन्ही, हे आवश्यक ठरवलं; चरबी ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नको असंही सांगितलं. लसूण, कांदा, पार्स्ली, पॅप्रिका, साखर हे सगळं ऐच्छिक. लसणाशिवाय इटालियन पदार्थ कल्पनेतही न येणाऱ्यांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण कायद्याच्या दृष्टीनं लसूण नसलेलं चालतं, बडीशेप-अनीस नसलेलं चालत नाही. पिझ्झावर चुरून टाकलेलं जे सॉसेज आपल्याकडे पोचलं, ते या व्याख्येतलं. म्हणून आपल्या जिभेनंही तीच खूण पक्की धरली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बडीशेप काढून टाकली तर उरेल ते साधं पोर्क सॉसेज, त्याला इटालियन का म्हणायचं? दुकानाच्या लेबलापुरता हा आक्षेप बिनतोड आहे. विकायचं असेल तर ग्राहकाला ज्या नावाखाली जी चव अपेक्षित आहे ती द्यायलाच हवी. पिझ्झावरची ती ओळखीची चव घरी आणायची असेल तरीही बडीशेप हवीच, दुसरं काहीही घातलं तरी ती चव येत नाही. पण घरच्या ताटात खरा प्रश्न आपल्याला काय रुचतं हा आहे. तिथे नोर्चाचं साधं मिरी-लसणाचं सॉसेज अमेरिकी सॉसेजइतकंच इटालियन आहे, किंबहुना जरा जास्तच.

रुचण्याचा विषय निघालाच आहे तर तो नशिबावर सोडून देण्यासारखा नाही; त्याच्यामागे कारणं आहेत. बडीशेप आणि अनीस या दोघींच्या वासाचा मुख्य घटक एकच, अ‍ॅनेथॉल. तो चवीला गोडसर लागतो, म्हणून साखर न घालताही बडीशेपेचं सॉसेज किंचित गोड वाटतं. हा वास काहींना मनापासून आवडतो आणि काहींना अजिबात सोसत नाही. फ्रान्समध्ये बेनुआ शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका याच वासावर होता. गरोदरपणाच्या शेवटी ज्या आया अनीसचे पदार्थ खात होत्या त्यांची नवजात बाळं अनीसच्या वासाकडे ओढ दाखवत होती. ज्या खात नव्हत्या त्यांची बाळं तोंड फिरवत होती किंवा निर्विकार राहत होती. म्हणजे आवड पोटात असल्यापासून घडू लागते, आणि सवयीनं घडलेली गोष्ट सवयीनं बदलूही शकते. आपल्याकडे बाळंतिणीला जेवणानंतर ओवा, बाळंतशेपा, बडीशेप यांची सुपारी देतात, त्यामुळे या कुळातले वास मराठी घरांत परके नाहीत. (जाता जाता: बाळंतशेपा आणि बडीशेप यांचे वास वेगळे आहेत, एकीच्या जागी दुसरी घालू नका.)

तरीही मराठी खवय्याची तक्रार असते की मांसात बडीशेप लागली की मुखवास चघळल्यासारखं वाटतं, हॉटेलात बिलाबरोबर येणारी वाटी आठवते. तक्रार खरी आहे, पण तिचं मूळ बहुधा बडीशेपेच्या रूपात असतं. अख्खा दाणा दाताखाली आला की वासाचा भपका एकदम येतो आणि जिभेला मुखवास आठवतो. तीच बडीशेप जाडसर भरडून, मिरीच्या जोडीनं, चरबीत रात्रभर मुरली की वेगळी ओळखू येत नाही. मांसच गोडसर आणि सुवासिक लागतं. कोल्हापुरी मसाल्यात किंवा काश्मिरी रोगनजोशमध्ये बडीशेप असतेच, तिथे कुणाला मुखवास आठवत नाही. तेव्हा बडीशेप नावडती ठरवण्याआधी एकदा दाणा भरडून, प्रमाण निम्मं करून पाहावं. त्यानंतरही नको वाटली तर बिनधास्त वगळावी.

आता ज्यात आवडीला जागा नाही तिकडे वळू. मीठ सॉसेजमध्ये दोन कामं करतं आणि त्यातलं चवीचं काम दुय्यम आहे. पहिलं काम मांसातलं मायोसिन हे प्रथिन मोकळं करण्याचं. मीठ लावलेला खिमा मळला की हे प्रथिन बाहेर येऊन चिकट होतं, चरबीचे कण आणि पाणी धरून ठेवतं आणि शिजल्यावर घट्ट होतं. सॉसेज कापल्यावर रसाळ आणि एकसंध दिसतं ते यामुळे; भुसभुशीत झालं तर ते काम झालेलं नसतं. मांस आणि चरबी मिळून एक किलो मिश्रणाला १६ ते १८ ग्रॅम मीठ हे भरवशाचं प्रमाण. बारा ग्रॅमच्या खाली बांधणी ढिली पडते, वीसच्या वर खारटपणा सगळ्यावर मात करतो. जीभ पटाईत आहे असं समजून अंदाजानं टाकण्यात धोका असा की चमच्याचा हिशेब मिठागणिक बदलतो. बारीक मिठाचा सपाट चमचा आणि जाड्या मिठाचा सपाट चमचा यांच्या वजनात चांगलाच फरक असतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा वजनकाटा हे या कामातलं पहिलं साधन आहे, खिमा यंत्र दुसरं. रक्तदाबामुळे मीठ कमी खाणाऱ्यांनी सॉसेजमधलं मीठ निम्मं करण्यापेक्षा सॉसेजचा तुकडा निम्मा करावा आणि बरोबरची भाजी, डाळ अळणी ठेवावी.

चरबीचं प्रमाण २५ ते ३० टक्के हवं, म्हणजे किलोमागे पाव किलो किंवा थोडी जास्त. आरोग्याच्या काळजीनं ती दहा टक्क्यांवर आणणारे पुष्कळ आहेत, आणि मग मसाला कमी पडल्याची हाकाटी तेच करतात. त्याला कारण आहे. अ‍ॅनेथॉल आणि मिरचीचा तिखटपणा हे दोन्ही पाण्यात नीट विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. भरपूर चरबी असली की वास आणि तिखटपणा तोंडभर पसरतो आणि रेंगाळतो. चरबी नसली की तोच मसाला आधी टोचतो आणि लगेच विरतो. म्हणून कोरड्या मांसात मसाला वाढवून चव वाढत नाही. डुकराचं मांस न खाणाऱ्यांची अडचण इथेच आहे, आणि ती सोडवता येते. कोंबडीच्या छातीऐवजी मांडीचं मांस घ्यावं, तिची कातडी आणि चरबी बरोबर दळावी, आणि बडीशेप पोर्कपेक्षा थोडी कमी ठेवावी. ते सॉसेज पोर्कइतकं रसाळ होणार नाही, पण चांगलं होईल. छातीच्या मांसाचं मात्र कुठल्याही मसाल्यानं चांगलं होत नाही.

थंडाव्याबद्दल लोक ऐकतात आणि सोडून देतात. मांस आणि चरबीचे तुकडे, खिमा यंत्राची पाती आणि भांडं, सगळं फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवून मग दळावं. मिश्रण ४ अंश सेल्सियसच्या आसपास राहील असं पाहावं. मे महिन्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात हे सोपं नाही, म्हणून दोन हप्त्यांत काम करावं आणि मधे खिमा परत फ्रिजमध्ये टाकावा. चरबी मऊ झाली की तिचे कण दळताना फासले जातात, आणि शिजताना ती सगळी तव्यावर येऊन मागे भुसा उरतो. मळणं किती, याची खूण अशी: मीठ, मसाला आणि थोडं बर्फाचं पाणी किंवा थंडगार वाइन घालून तिंबलेला गोळा कणकेसारखा चिकट व्हावा, आणि त्याची टिक्की तळहातावर थापून हात उलटा केला तर ती पडू नये. पडली तर अजून एक मिनिट मळायचं. ही परीक्षा मसाल्याच्या कुठल्याही कृतीपेक्षा महत्त्वाची आहे.

एवढं जमलं की मग आवडीचं राज्य. सुरुवातीसाठी एक किलो मिश्रणाला काळी मिरी ३ ग्रॅम, जाडसर कुटलेली. बडीशेप ४ ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन सपाट लहान चमचे. लसूण ५ ग्रॅम, म्हणजे एक-दोन मोठ्या पाकळ्या वाटून. आणि अर्धी वाटी थंड पांढरी वाइन किंवा पाणी. अमेरिकी पिझ्झाची चव हवी तर बडीशेप ७-८ ग्रॅमपर्यंत न्यावी. तिथून पुढे कडवटपणा येऊ लागतो. सॉसेज नुसतं भाजून पावाबरोबर खायचं असेल तर प्रमाण खालचं ठेवावं, टोमॅटोच्या सॉसमध्ये चुरून शिजवायचं असेल तर वरचं, कारण टोमॅटोचा आंबटपणा आणि लांबलेलं शिजणं वास बराच खाऊन टाकतात. बडीशेप ताजी आहे की नाही हे दोन बोटांत दाणा चुरडून कळतं. वास उठला नाही तर प्रमाण वाढवण्यात अर्थ नाही, नवी आणावी. बारीक हिरवी लखनवी गोड असते, मोठी फिकट बडीशेप जरा रांगडी; सॉसेजला दोन्ही चालतात. भाजायची असेल तर मंद तव्यावर हात लागेल इतपत गरम करावी. लाल होईपर्यंत भाजली की वासाचं तेल उडून जातं आणि उरते ती कडू भुकटी.

इथे मराठी हाताला आवरावं लागतं. एवढ्याशा मसाल्यानं काय होणार, असं वाटून धणे, जिरं, लवंग आणि शेवटी चमचाभर घरचा मसाला पडतो. आपली जीभ तिखट-मसालेदार खाणारी आहे, तिला हे मिळमिळीत लागणारच, असाही युक्तिवाद असतो. पण कोरमा किंवा रस्सा करताना मसाला तेलात परतला जातो, त्याचा कच्चेपणा जातो आणि रश्शात तो पसरतो. सॉसेजमध्ये तो कच्चाच मांसात कोंडलेला असतो आणि अर्ध्या तासाच्या आत शिजून तोंडात येतो. मग धण्याची भुकटी रवाळ लागते आणि लवंग बाकी सगळ्यांना गप्प करते. इटलीतल्या बहुतेक प्रांतांत एकाच मसाल्याला पुढे करून बाकीचे मागे ठेवायची रीत दिसते. ती पाळली की जास्त तिखटही चालतं. तिखट हवं असेल तर मिरची पुढे आणून बडीशेप मागे घ्यावी. दोघींना सारखाच मान दिला की कुणाचंच धड लागत नाही. रंगासाठी आणि गोडसर चवीसाठी बेडगी मिरची उत्तम, किलोला ५ ते ८ ग्रॅम, बिया काढून भरड कुटलेली. ती सेनिसेच्या मिरचीच्या बरीच जवळ जाते. झणझणीतपणा हवा असेल तर त्यात एखादा ग्रॅम लवंगी मिरचीचा मिसळावा.

गोव्याच्या चोरीसची आठवण काढून, व्हिनेगर का घालू नये, असं विचारणारे भेटतील. चोरीसची बांधणीच वेगळी आहे. तिथे मांसाचे तुकडे मीठ, मिरची, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवून वाळवतात, तुकडे सुटे राहिले तरी बिघडत नाही, उलट तीच त्याची खासियत. ताज्या इटालियन सॉसेजमध्ये व्हिनेगर पडलं की आम्लामुळे प्रथिनं आधीच आकसतात, गोळा चिकट होत नाही आणि शिजल्यावर दाणेदार होतं. आंबटपणा आवडत असेल तर शिजवलेल्या सॉसेजवर लिंबू पिळावं किंवा बरोबर लोणच्यातली मिरची घ्यावी.

मसाला बरोबर झाला की नाही हे कच्च्या मिश्रणाला जीभ लावून ठरवू नये. डुकराच्या मांसातून फीतकृमीचा धोका आपल्याकडे खरा आहे, आणि कच्च्या मिश्रणाची चव शिजलेल्यासारखी लागतही नाही. एक छोटी टिक्की तव्यावर पूर्ण शिजवून, जरा निवल्यावर खावी. त्या वेळी मीठ बरोबर आणि बडीशेप किंचित कमी वाटली तर थांबावं. रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर बडीशेप आणि लसूण दोन्ही वर येतात. आतड्यात भरायची सोय नसेल तर टिक्क्या किंवा लांबट गोळे करावेत, चवीत उणं काही येत नाही. शिजवताना आतलं तापमान पोर्कला ७१ आणि कोंबडीला ७४ अंश सेल्सियस गाठायला हवं. मांस भोसकायचा थर्मामीटर महाग नाही, आणि तो असला की भीतीपोटी सॉसेज वाळवून टाकायची सवयही जाते.

न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या वाचकांना हे सगळं तयार मिळतं. त्यांनी पाकिटावर 'स्वीट' दिसलं म्हणून गोड समजून दचकू नये, ते फक्त तिखट नसलेलं असतं. बडीशेप नकोच असेल तर इटालियन खाटकाच्या दुकानात विचारावं, पुष्कळ ठिकाणी मिरी-लसणाचं किंवा चीज-पार्स्लीचं सॉसेजही असतं. घरी केलेलं ताजं सॉसेज फ्रिजमध्ये दोन दिवस आणि फ्रीझरमध्ये एक-दोन महिने चांगलं राहतं. वर दिलेली प्रमाणं ताज्या सॉसेजची आहेत. हे सॉसेज दोरीला टांगून वाळवायच्या भानगडीत कृपा करून पडू नका. त्यासाठी नायट्राइटचं मीठ, ठरावीक तापमान आणि ठरावीक दमटपणा लागतो, आणि त्यातलं काही चुकलं तर विषबाधा होते.